वीज रुळात नाही, इंजिनाच्या पोटात

राहुरी स्टेशन गावापासून जरा बाजूला पडतं. नगर सोडलं की विळद, वांबोरी आणि मग राहुरी. पुढे श्रीरामपूर, ज्याला रेल्वे अजूनही बेलापूर म्हणते. दौंड–मनमाड ही लाइन १८७८ साली सुरू झाली आणि वाफ, डिझेल, वीज या तिन्ही पिढ्या तिच्यावरून धावल्या. कर्नाटक एक्स्प्रेस, झेलम, गोवा, महाराष्ट्र एक्स्प्रेस, आझाद हिंद या सगळ्यांची वाट हीच. मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांचं विद्युतीकरण २०२३ च्या सुरुवातीला पूर्ण झालं. आता डोक्यावर तार दिसते आणि डिझेल इंजिन कमी दिसतं.

संपादकांनी या अंकासाठी ‘हौस’ हा विषय दिला, तेव्हा मी बॅटरीवर चालणाऱ्या, रेडिओने हाकता येणाऱ्या छोट्या रेल्वे इंजिनांच्या मागे लागलो. त्यांचं मर्म समजून घ्यायला राहुरीच्या फलाटासारखी जागा नाही. तारेखालून जाणारं इंजिन स्वतःजवळ काही बाळगत नाही. छतावरचा पँटोग्राफ २५ हजार व्होल्टच्या तारेतून वीज उचलतो, चाकांमार्फत ती रुळातून परत जाते. तार संपली की ते इंजिन म्हणजे शंभरेक टनांचं लोखंड. डिझेल इंजिन मात्र आपलं पॉवर हाऊस पोटात घेऊन फिरतं. डिझेलवर जनरेटर, त्याच्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी. त्याला फक्त रूळ हवेत.

छोट्या इंजिनांच्या जगातही हेच दोन पंथ आहेत. एकाची वीज रुळातून येते, दुसऱ्याची पोटातून. दुसरा पंथ आपल्याकडे का शोभतो आणि त्याची विद्या राहुरीसारख्या गावात आधीच कशी हजर आहे, ते बघायला मी निघालो.

कोथरूडचं शहर

पहिला पंथ बघायचा तर पुण्यात कोथरूडला जावं. तिथे जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. भाऊ जोशी या रेल्वेवेड्या माणसाच्या आयुष्यभराच्या खटपटीतून ते उभं राहिलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. आत एक अख्खं छोटं शहर आहे. रस्ते, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल, सिग्नल आणि त्यामधून धावणाऱ्या वाफेच्या, डिझेलच्या, अतिवेगवान अशा नाना तऱ्हेच्या गाड्या. दिवे मंद होतात, शहरावर रात्र होते, खिडक्या उजळतात आणि खुर्चीतली आजोबामंडळी नातवंडांच्या आधी पुढे झुकतात.

असल्या मांडणीत दोन रूळ म्हणजे दोन तारा. टेबलावरच्या रेल्वेत सर्रास १२ व्होल्ट डीसी वापरतात. एका रुळावर प्लस, दुसऱ्यावर मायनस. डावं चाक एका रुळाची वीज उचलतं, उजवं दुसऱ्याची, मधली मोटार फिरते. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटे केले की गाडी मागे जाते. रचना सुटसुटीत आहे, पण पेच यातूनच निघतात. एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकाच हुकमावर पळतात. म्हणून रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळी तार, वेगळा स्विच. रूळ गोल वळवून स्वतःलाच आणून जोडला, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि थेट शॉर्ट. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने डिजिटल पद्धतीचं प्रमाणीकरण केलं. प्रत्येक इंजिनाला नंबर मिळाला, रुळातून विजेबरोबर हुकूमही वाहू लागला आणि एका रुळावर दोन इंजिनं दोन दिशांना जाऊ लागली. तरी चाक आणि रूळ यांचा निर्मळ स्पर्श हवा, ही अट कायम राहिली.

ही अट बंद खोलीत, निगा राखणारी माणसं असली की निभते. धावत्या चाकाखाली बारीक ठिणग्या पडतात आणि रुळावर काळपट थर धरतो. त्यावर धूळ बसली की इंजिन अडखळतं, दिवा लुकलुकतो, बोटाने ढकलावं लागतं. आता हीच रेल्वे राहुरीच्या अंगणात मांडून बघा. काळ्या रानाची धूळ, मुंग्यांच्या रांगा, आणि गाळपाच्या हंगामात आसपासच्या साखर कारखान्यांच्या चिमण्यांतून उडणारी उसाच्या चोयट्यांची काळी राख. सकाळी पुसलेला रूळ दुपारी पुन्हा काळा. रुळातली वीज काढून टाकल्याशिवाय इथे हा खेळ चालायचा नाही.

फवारणी पंपाचं टेबल

राहुरीच्या बाजारपेठेत मोटार रिवाइंडिंगची दुकानं आहेत. पाणबुडी मोटारी, स्टार्टर, पंख्यांचे जळके कॉइल. अलीकडे त्यांत आणखी एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे पाठीवरचा बॅटरी फवारणी पंप. कांदा, कपाशी, डाळिंब, काहीही असो, पंप घरोघरी आहे आणि बिघडतोही घरोघरी. आत असतं काय? १२ व्होल्टची बॅटरी, डायफ्रामची छोटी मोटार, वेग कमी-जास्त करायचा रेग्युलेटर, चार्जिंगची गोल पिन, एक फ्यूज आणि एक बटण. ‘डबल मोटर’ पंप असेल तर मोटारी दोन.

अशाच एका दुकानात, उघडून ठेवलेल्या पंपाशेजारी, एक अल्को जातीचं डिझेल इंजिन उभं होतं. सनबोर्डचं अंग, हाताने मारलेला रंग, ४६ सेंटिमीटर लांबी. खरं अल्को बफरसकट सुमारे १७ मीटरचं, त्यामुळे प्रमाण एकास सदतीस पडतं. हे प्रमाण मनाने धरलेलं नाही. अंगणातल्या रेल्वेसाठी जगभर ४५ मिलिमीटर रुंदीचा रूळ चालतो आणि आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. भागाकार केला की सदतीसच येतात. माथेरानचं इंजिन करायचं असतं तर गणित आणखी सोपं होतं. नेरळ–माथेरानचा रूळ दोन फुटी, आणि ३२ मिलिमीटरच्या रुळावर एकास एकोणीसने तो नेमका बसतो.

“पंपवाल्याला हे अवघड नाही सर,” कारागीर म्हणाला. “पंपातली मोटार पाणी ढकलते, ह्यातली चाक ढकलते. बॅटरी तीच, रेग्युलेटरची जात तीच. फक्त हे मागंही गेलं पाहिजे.”

खरं तर बॅटरीवरची रेल्वे ही नवी टूम नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या कार्लाइल अँड फिंच कंपनीने १८९६–९७ च्या सुमारास विजेची खेळण्यातली रेल्वे बाजारात आणली, तेव्हा बहुतेक घरांत वीजच नव्हती. ती रेल्वे बॅटरीवरच चाले, फक्त बॅटरी रुळाबाहेर ठेवलेली असे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेविना हाकलेली छोटी नाव दाखवली. म्हणजे बॅटरी आणि रेडिओ ही दोन्ही अंगं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच हजर होती. अडलं होतं ते जागेवर. इंजिनाच्या पोटात मावेल आणि तासन्‌तास पुरेल अशी बॅटरी नव्हती. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणले आणि कोंडी फुटली. पंपातली जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी दोन-अडीच किलोची असते. लिथियमचे तीन गोल सेल मिळून दीडशे ग्रॅमही भरत नाहीत.

रुळातली वीज काढून टाकल्याने इथल्या कारागिराचा एक मोठा फायदा झाला आहे. रुळातल्या विजेवर चालणाऱ्या गाडीत दोन चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तोडावी लागतात, नाहीतर लोखंडी कणाच शॉर्ट करतो. तशी चाकं परदेशातून मागवावी लागतात. बॅटरीच्या इंजिनाला हे बंधन नाही. टेबलावरच्या अल्कोची चाकं राहुरीतल्याच लेथवर, साध्या लोखंडी बारमधून कातलेली होती. रूळ म्हणजे प्लायच्या स्लीपरवर ठोकलेली ॲल्युमिनियमची पट्टी. वीज वाहायचीच नसेल तर रूळ कशाचेही चालतात, अंतर नेमकं असलं म्हणजे झालं.

सेल निवडताना

हे इंजिन ज्या सेलवर चालतं त्याला सगळे ‘अठरा-सहाशेपन्नास’ म्हणतात. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत हेच सेल असत, म्हणून दुरुस्तीच्या दुकानांत ते डब्यांत भरून पडलेले दिसतात. एका सेलचे सरासरी ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. तीनच्या खाली नेऊ नये. असे तीन एकामागे एक जोडले की ११.१ व्होल्ट होतात, म्हणजे १२ व्होल्टच्या मोटारीला पुरेसे.

जुना सेल घ्यावा का? कारागिराची चाचणी साधी आहे. मीटर लावल्यावर दोन व्होल्टच्या खाली दिसला तर बाजूला. फुगीर, गंजलेला, आवरण फाटलेला असेल तर बाजूला. उरलेले पूर्ण भरायचे, तारीख लिहायची आणि काही आठवडे नुसते ठेवून द्यायचे. पुन्हा मोजल्यावर जो आपणहून उतरला, तो आतून गळतोय, तोही बाद. जे उरतात त्यांतले सारख्या ताकदीचे तीन एका पॅकमध्ये. दोन तगडे आणि एक अशक्त असा पॅक केला तर अशक्त सेल आधी तळ गाठतो आणि बाकीचे दोन त्याला ओढत नेतात.

सेलवर सोल्डरिंग गन टेकवायची नाही, हा इथला कडक नियम. सेलच्या टोकाला तेवढी उष्णता सोसत नाही. निकेलची पातळ पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडायची आणि तार त्या पट्टीला झाळायची. ज्याच्याकडे स्पॉट वेल्डर नाही त्याने सेलचा होल्डर घ्यावा. थोडी जागा खातो, पण घर शाबूत राहतं.

मग येतो बीएमएस, नखाएवढ्या काळ्या चिपा बसवलेली पट्टी. तीन सेलच्या पॅकमध्ये तिच्या तारा प्रत्येक सांध्याला जातात, म्हणजे तिला फक्त एकूण व्होल्ट नाही तर प्रत्येक सेलची अवस्था कळते. एखादा सेल ४.२ च्या फार वर निघाला की ती चार्जिंग तोडते, एखादा फार खाली गेला की मोटार तोडते, शॉर्ट झाला की सगळंच तोडते. कालव्यावरचा पाटकरी जसा शेताचं भरलं की दार बंद करतो, तसं तिचं काम. शिवाय बॅलन्सवाली पट्टी असेल तर ती तिन्ही सेल एका पातळीला आणते. बिनबॅलन्सची स्वस्त पडते आणि काही महिन्यांनी पॅक वाकडा होतो.

सगळ्यात धोक्याची गोष्ट दिसायला अगदी साधी आहे. शिशाच्या बॅटरीवाल्या फवारणी पंपाचा चार्जर साडेचौदा व्होल्टच्या आसपास देतो. तीन सेलच्या लिथियम पॅकला १२.६ च्या वर एक थेंब चालत नाही. आणि दोन्ही चार्जरची गोल पिन बहुधा एकाच मापाची. घरात दोन्ही असले तर हात चुकायला वेळ लागत नाही. बीएमएस वाचवील, पण ती शेवटची भिंत आहे, रोजचं दार नाही. म्हणून टेबलावरच्या इंजिनाला मुद्दाम वेगळ्या आकाराचं सॉकेट होतं. पंपाची पिन त्यात शिरतच नाही.

तारा कुठून कुठे

बॅटरीपासून चाकापर्यंतचा रस्ता कारागिराने एका फळीवर उघडा मांडून दाखवला. त्याचा भाचा शेजारी स्टुलावर बसला होता. “मामा, आधी फ्यूज का?” त्याने विचारलं. “कारण फ्यूजच्या अलीकडे शॉर्ट झालं तर फ्यूज काय करणार?”

तेव्हा क्रम असा. पॅकच्या प्लसवरून निघालेली तार सगळ्यात आधी फ्यूजमध्ये, तीही पॅकच्या शक्य तितक्या जवळ. तिथून दोन बाजूंच्या सरकत्या स्विचमध्ये. स्विच एका बाजूला केला की पॅक चार्जिंगच्या सॉकेटला जोडला जातो, दुसऱ्या बाजूला केला की मोटारीच्या बोर्डाला, मधे ठेवला की कुठेच नाही. चार्जिंग आणि चालवणं एकाच वेळी होऊ शकत नाही, हा या स्विचचा खरा उपयोग. एका सेलच्या छोट्या इंजिनात टीपी ४०५६ नावाचं जे स्वस्त चार्जिंग बोर्ड वापरतात, ते सेलकडे जाणारा प्रवाह ठरवलेल्या प्रवाहाच्या दहाव्या हिश्श्यावर आला की ‘भरला’ म्हणून थांबतं. त्याच वेळी मोटार किंवा दिवा वीज खात असेल तर प्रवाह कधी उतरतच नाही आणि बोर्ड सेलला ४.२ वर धरून बसतं. सेलचं आयुष्य त्यात जातं.

स्विचनंतर वाट दुभंगते. जाड तार मोटारीच्या बोर्डाकडे, बारीक तार पाच व्होल्ट करणाऱ्या रेग्युलेटरमधून रेडिओच्या रिसीव्हरकडे. मायनस सगळ्यांचा एकच. ही दुसरी वाट वेगळी का, ते बिघाड झाल्यावर कळतं. मोटार जागेवरून उठताना एकदम प्रवाह ओढते, पॅकचे व्होल्ट क्षणभर खचतात आणि त्याच ओळीवरचा रिसीव्हर बंद पडून पुन्हा चालू होतो. इंजिन एक पाऊल टाकतं, थांबतं, पुन्हा एक पाऊल टाकतं. नवशिका गिअर बदलत बसतो, दोष मात्र विजेत असतो. रिसीव्हरपाशी हजारेक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हा क्षण तो सांभाळून नेतो.

मोटार पुढे-मागे फिरवण्याचं काम चार इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या चौकटीचं. तिला एच-ब्रिज म्हणतात. तिरक्या समोरची एक जोडी चालू केली की प्रवाह एका दिशेने, दुसरी केली की उलट. बाजारात सगळ्यात आधी हाती येतो तो एल २९८, मोठ्या काळ्या हीटसिंकचा. पण त्याच्या जुन्या बांधणीत दोनेक व्होल्ट उष्णतेतच जातात. अकरा व्होल्टच्या पॅकमधून मोटारीला नऊच मिळाले तर उरलेले दोन इंजिनाचं पोट तापवतात. नव्या मॉस्फेट बोर्डांत ही गळती नगण्य. बोर्ड निवडताना एकच आकडा बघायचा. मोटार अडकली, चाक जाम झालं, तर ती किती अँपिअर ओढते? चालताना ०.४ अँपिअर घेणारी मोटार अडकल्यावर दोन-तीनपर्यंत जाऊ शकते. बोर्ड त्या आकड्याला पुरलं पाहिजे आणि फ्यूज त्याच्या आधी उडाला पाहिजे.

मोटारीच्या दोन टोकांवर चपटा, पिवळसर, ‘१०४’ लिहिलेला एक कपॅसिटर झाळलेला होता. कार्बन ब्रशखाली ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच असतं. कपॅसिटरचा हा ठिपका तो गोंगाट मोटारीपाशीच गिळतो. नसेल तर जवळचा रिसीव्हर गोंधळतो.

आठ नॉच

रेडिओचे दोन रस्ते आहेत. पहिला, खेळण्यातल्या गाड्यांचा किंवा हौशी विमानांचा तयार रिमोट. तो २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. भारतात या पट्ट्यात कमी ताकदीच्या उपकरणांना परवाना लागत नाही. हौशी रिसीव्हर सेकंदाला पन्नासएक वेळा एक ठोका देतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर ‘थांब’, दोनकडे गेला तर पुढे, एककडे गेला तर मागे. गाड्यांसाठी बनवलेला वेगनियंत्रक हे ऐकतो खरा, पण त्याला शर्यत ठाऊक असते. बोट लावलं की उसळी. मालगाडी अशी निघत नाही.

दुसरा रस्ता ईएसपी ३२ नावाच्या छोट्या बोर्डाचा. मोबाइल वाय-फायने त्याला जोडायचा आणि पडद्यावरच्या बटणांनी इंजिन हाकायचं. राहुरीच्या टेबलावर हाच रस्ता होता. भाच्याने कॉलेजातल्या मित्राच्या मदतीने प्रोग्राम लिहिला होता आणि त्यात एक बारकी अक्कल लढवली होती. खऱ्या अल्कोला वेगाचे आठ नॉच असतात, म्हणून मोबाइलवरही आठच पायऱ्या. शिवाय एकदम आठवर टिचकी मारली तरी मोटारीला जाणारी वीज हळूहळूच चढते. थांबतानाही तसंच. शेचाळीस सेंटिमीटरचं सनबोर्ड शंभर टनांसारखं हलायला लागलं ते एवढ्यानेच.

वीज कमी-जास्त करायची तरी मोटारीला व्होल्ट कमी दिले जात नाहीत. पूर्ण व्होल्टचेच ठोके दिले जातात आणि ठोका किती वेळ चालू, किती वेळ बंद, यावर वेग ठरतो. फवारणी पंपाचा रेग्युलेटरही याच पद्धतीचा. ठोके सेकंदाला काही शे असतील तर इंजिन डासासारखं गुणगुणतं, पण हळू वेगात ताकद चांगली मिळते. वीस हजारांवर नेले तर आवाज कानाच्या पलीकडे जातो, हळू वेगाला मात्र थोडं अडखळतं. कारागिराने मधला मार्ग न घेता गुणगुण ठेवली. “डिझेल मुकं कशाला पाहिजे?” तो म्हणाला.

रेडिओच्या बाबतीत दोन गोष्टी सांगण्यासारख्या. अंग पत्र्याचं असेल तर अँटेना आत कोंडते. २.४ गिगाहर्ट्झची पाव लहर ३१ मिलिमीटरची, तेवढी तार केबिनच्या प्लास्टिक छताखाली उभी राहिली तरी पुरते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मोबाइलची बॅटरी संपली, कोणाचा फोन आला, पोरगं लांब गेलं आणि संपर्क तुटला, तर इंजिनाने काय करायचं? शेवटचा हुकूम पाळत राहिलं तर ते ओट्यावरून खाली जाईल. म्हणून अर्धा-एक सेकंद हुकूम आला नाही की मोटार बंद, हे प्रोग्राममध्ये आधी लिहायचं, दिवे-भोंगा नंतर. खऱ्या इंजिनातही चालकाची हालचाल थांबली की गाडी थांबवणारं दक्षता उपकरण असतंच.

किती वेळ, किती ओझं

लोक पहिला प्रश्न विचारतात, एका चार्जिंगमध्ये किती चालतं? अडीच हजार मिलिअँपिअर-तासाचे तीन सेल एकामागे एक, मोटारीची भूक ०.४ अँपिअर. कागदावर सहा तास. सेल पूर्ण रिकामे करायचे नाहीत, चढ-वळणं असतात, म्हणून पाच धरावेत. ज्याचं इंजिन लहान आहे तो एकच सेल ठेवून बूस्ट बोर्डाने ३.७ चे १२ व्होल्ट करतो आणि जागा वाचवतो. पण बूस्टने काही फुकट मिळत नाही. १२ व्होल्टवर ०.३ अँपिअर हवे असतील तर सेलमधून एक अँपिअरहून जास्त ओढले जातात, कारण वाढवलेल्या व्होल्टची किंमत प्रवाहाने चुकवावी लागते आणि वर बोर्डाची दलाली. तोच अडीच हजारचा सेल मग दोन तासांत दमतो.

वजनाचं गणित उलटं चालतं. मोटार कितीही तगडी असली तरी चाक रुळावर घसरलं तर डबे जागचे हलत नाहीत. हलकं लिथियम वापरून वाचवलेलं वजन कारागिराने पुन्हा भरलं. दोन्ही बोगींच्या वर लोखंडी पट्ट्या, मधोमध पॅक. बॅटरी एका टोकाला ठेवली असती तर दुसऱ्या टोकाची चाकं वळणावर उचलली गेली असती. हेडलाइटला तीन व्होल्टचा पांढरा एलईडी, पाच व्होल्टच्या ओळीवर दोनशे ओहमचा रेझिस्टर, म्हणजे दहा मिलिअँपिअर. पुढे जाताना पुढचा पांढरा, मागे जाताना मागचा, आणि त्यासाठी तार मोटारीवरून न घेता बोर्डाच्या वेगळ्या पायावरून.

गावात काय होतं, काय येत नाही

या छंदाला आपल्याकडे महागडा म्हणतात आणि रुळातल्या विजेवरच्या परदेशी मांडणीबाबत ते खरंच आहे. राहुरीच्या टेबलावर हिशेब वेगळा लागला. चाकं, रूळ, अंग, पॅक, तारा, चार्जिंगची सोय गावात झाली. ईएसपी बोर्ड, मोटारीचा एच-ब्रिज आणि गिअरची मोटार बाहेरून आली. जी विद्या लागली ती तर बाजूच्याच पंपात होती. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या परिसरात फवारणीच्या ड्रोनचं काम चालतं, त्यातही हेच त्रिकूट आहे, लिथियम पॅक, मोटारीचा नियंत्रक आणि रेडिओ. ज्या पोराला इंजिनाचा पॅक नीट बांधता आला त्याला पंप दुरुस्त करता येतो, आणि पुढे ड्रोनचा पॅक किंवा विजेच्या दुचाकीची बॅटरी समोर आली तर काय मोजायचं हे तरी कळतं.

बाद सेलचं काय करायचं, हा भाग मात्र दुकानांत अजून ढिला आहे. केंद्राचे बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ साली आले आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. तालुक्याच्या गल्लीत ती साखळी पोहोचेपर्यंत बाद सेलची टोकं चिकटपट्टीने झाकून, पत्र्याच्या डब्यात वेगळे ठेवणं आणि भंगाराच्या ढिगात न फेकणं एवढं तरी हाताशी आहे. कारागिराकडे तसा डबा आहे, टेबलापासून लांब, दाराजवळ.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी सुरुवात रुळापासून करू नये, स्टेशनच्या देखाव्यापासून तर नाहीच. आधी सगळी जोडणी फळीवर उघडी मांडावी, पॅक, फ्यूज, स्विच, बोर्ड, मोटार, आणि मोटार हाताने अडवून बघावी की फ्यूज आधी उडतो का बोर्ड आधी तापतं. मग मोबाइलचं वाय-फाय बंद करावं. चाक थांबलं तर इंजिन बांधायला घ्यावं. नाही थांबलं तर अजून फळीवरच काम आहे.